पेटीतले दोरे

कामावर मी बायकांना कधी 'तू' म्हणत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्यात चांगलं म्हणण्यासारखं तेवढंच होतं आणि त्या दिवशी तेही गेलं.

महागावच्या बाहेर आमचं जिनिंग आहे. आमचं म्हणजे रजतभाऊंचं. मी तिथला सुपरवायझर. शेतकरी गोण्यांतून कापूस आणतात, आम्ही त्यातली सरकी काढतो आणि रुईच्या गाठी बांधून सूतगिरणीला पाठवतो. यंत्रात जाण्याआधी कापूस पट्ट्यावरून सरकत जातो आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या चाळीस बायका त्यातला कचरा वेचतात. पाला, केस, आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्लास्टिकचा पांढरा दोरा. कापसात तो दिसत नाही, सुतात जातो, कापडावर रंग धरत नाही, आणि मग गिरणीवाला आमचा उद्धार करतो.

दिवाळीनंतर रजतभाऊ पुण्याला तीन दिवसांचं शिबिर करून आले ते अंगात आल्यासारखे. कामगारांच्या डोक्यात कल्पना असतात, त्या बाहेर काढल्या पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याच दिवशी पत्र्याची एक पेटी आली, वर फट आणि खाली कुलूप. ती पाण्याच्या टाकीजवळ टांगून त्यांनी बायकांना गोळा केलं. "डोक्यात जे येईल ते यात टाका. लिहिता येत नसेल तर चित्र काढा. काहीही टाका, पण टाका." किल्ली माझ्याकडे दिली. बायका पदराआड हसल्या आणि मी मनातल्या मनात. चाळीसपैकी तीस जणी अंगठा उठवणाऱ्या, आणि आम्ही त्यांच्याकडे चिठ्ठ्या मागत होतो.

मग रजतभाऊ म्हणाले, "कपिल, सुरुवात तुझ्यापासून." मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला फार कष्ट पडत नाहीत. मी कल्पना काढली. प्रत्येक बाईला एक डबा द्यायचा, तिनं वेचलेला कचरा संध्याकाळी तोलायचा, आणि फळ्यावर नावं लिहायची. जिचा कचरा जास्त ती वर, जिचा कमी ती खाली. रजतभाऊ इतके खूश झाले की माझा फोटो काढून फळ्याशेजारी लावला आणि खाली लिहिलं, 'नवा विचार'. फोटोत मी पोट आत ओढून उभा आहे.

पहिल्या आठवड्यापासून फळ्यावर सगळ्यात खाली चंदाबाईंचं नाव. चंदाबाई जवळच्या तांड्यावरच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. सात हंगाम आमच्याकडे काढलेल्या. त्या तांड्यावरून अकरा बायका कामाला येतात त्या त्यांच्याच शब्दावर. कोणाचा नवरा, कोणाचा सासरा, सगळ्यांना चंदाबाईंनी हमी दिलेली. अशी बाई आता जागेवर सापडत नव्हती. फाटकातून टेम्पो आत आला की त्या पट्टा सोडून उठायच्या आणि गोण्या उतरवतात तिकडे जायच्या. मी दोनदा हटकलं.

"चंदाबाई, जागा सोडून कुठं जाता?"

"भाऊ, तो दोरा हाय ना, तो तिथंच..."

"जे सांगायचं ते पेटीत टाका," मी म्हणालो. मी फळ्यावर आकडे लिहीत होतो, मानही वळवली नाही.

महिनाभरात आणखी एक चमत्कार झाला. चंदाबाईंचाच नाही, सगळ्यांचाच कचरा कमी होत चालला. आता डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला वाटेल, वा, कापूस स्वच्छ येतोय. मला वाटलं, बायका आळसावल्या. कचऱ्याचा आकडा घसरतोय आणि शेजारी माझा फोटो लटकतोय, याचीच मला काळजी. खोटं कशाला बोलू, रुईची काळजी तेव्हा माझ्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती.

महिनाअखेरीला पेटी उघडायचा कार्यक्रम ठरला. रजतभाऊंनी सगळ्यांना चहा सांगितला होता. मी किल्ली फिरवली, झाकण उघडलं, आणि आतून चिठ्ठी एकही पडली नाही. पडल्या त्या दोऱ्यांच्या गुंडाळ्या. गोणीच्या तोंडाला शिवतात तो पांढरा दोरा, दोन बोटांभोवती गुंडाळून टोक आत खोवलेला. अशा पंचवीस-तीस असतील. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. रजतभाऊंचा चेहरा उतरला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा कचरा कोनं टाकला?"

"म्या टाकला, भाऊ," चंदाबाई पुढे आल्या. "मले लिवता येत नाही. काईबी टाका म्हनलं, म्हनून..."

"डब्यात कचरा नाही अन् पेटीत कचरा? थट्टा करून राह्यली?"

"आयकून त घ्या. गोनीचं तोंड..."

"काई आयकाचं नाही. तू उद्यापासून येऊ नको."

ते 'तू' चाळीस जणींनी ऐकलं. चंदाबाई माझ्या आईहून वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रजतभाऊंकडे. रजतभाऊंनी कप खाली ठेवला. त्यांनी मला अडवायला हवं होतं, असं मी नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितलं, जसं काही तोंड त्यांचं चाललं होतं. चंदाबाईंनी आपला डबा नळाखाली धुतला, पालथा घातला आणि गेल्या.

पुढचे पंधरा दिवस माझ्या चैनीचे. कचरा वाढला. डबे भरभरून येऊ लागले, फळ्यावरचे आकडे चढले. रजतभाऊंनी पाठ थोपटली. एक सडका आंबा काढला की कशी पेटी सुधारते, असं मीच चहाच्या टपरीवर दोघांना ऐकवलं. तांड्यावरच्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या होत्या, पण त्याचं मला काय. आणि मग गिरणीनं आमचा माल परत पाठवला. सोबत कापडाचा तुकडा होता, निळ्या रंगात ठिकठिकाणी पांढऱ्या रेघा.

"एवढा कचरा वेचतो आपण," रजतभाऊ म्हणाले, "मग दोरा जातो कुठून?"

मी म्हणालो, बायकांना समज देतो.

त्या रविवारी घरी होतो. आमचे बाबा, भगवानराव, अंगणात तुरीची गोणी उघडत बसले होते. त्यांनी तोंडाच्या एका बाजूची गाठ नखानं सैल केली, टोक धरलं आणि सरसर ओढलं. अख्खा दोरा एका दमात हातात आला. मग त्यांनी तो दोन बोटांभोवती गुंडाळला आणि टोक आत खोवलं.

मी खाटेवरून उठून उभाच राहिलो.

"बाबा, इळ्यानं कापत काहून नाही?"

"कापाचा कायले? कापला का तुकडे दान्यात पडते," बाबा म्हणाले. "लहानपनी तुले शिकवलं होतं. इसरला वाट्टे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी दहा वेळा दुसऱ्यांना ऐकवली असेल. सोमवारी सकाळी मी पहिल्यांदा गोण्या उतरवतात तिथं जाऊन उभा राहिलो. हमाल विळ्यानं फराफरा तोंडं कापत होते. एका गोणीमागे तीन-चार तुकडे कापसात पडत होते, आणि अशा गोण्या दिवसाला शेकड्यानं. मी विचारलं तर एक हमाल म्हणाला, "चंदाबाई होती तवा तीच दोरे सोडून देये. आमाले कुठं टाइम हाय?"

म्हणजे बाई कचरा येण्याआधीच थांबवत होती, आणि कचरा कमी दिसतो म्हणून मी तिला हाकललं. ज्याला आम्ही नवा विचार म्हणत होतो तो भिंतीवर पोट आत ओढून उभा होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी त्या हमालासमोरून पाठ फिरवून गेलो.

दुपारी तांड्यावर गेलो. चंदाबाईंच्या सुनेनं, शीलानं, मला पाहून सासूला आत हाक दिली, "याडी, जिनिंगवाले भाऊ आले." पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. त्या माणसांनी मला पाणी द्यावं, याचंच मला ओझं झालं. चंदाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या, त्या उठल्या नाहीत. मी सगळं सांगितलं. बाबांचं, हमालाचं, परत आलेल्या मालाचं. म्हणालो, माझं चुकलं, माफ करा, उद्यापासून या.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"साऱ्या तांड्यात झालं, चंदाबाईनं मालकाची थट्टा केली म्हनून काढलं. ज्या बाया म्या आनल्या, त्यायच्या घरचे मले इचारते, तू काय केलतं? सात वर्सं माह्या शब्दावर पोरी धाडत होते." मग माझ्याकडे पाहिलं. "तुमी मले चाळीस बायांपुढं काढलं, भाऊ. अन् माफी इथं चुलीपाशी मांगता?"

मला वर पाहवेना.

"उद्या येईन," त्या म्हणाल्या. "पन कामाले नाही. आयकाले येईन."

दुसऱ्या दिवशी पट्टा सुरू होण्याआधी मी सगळ्यांना टाकीजवळ बोलावलं. रजतभाऊ खुर्ची घेऊन बसले. चंदाबाई फाटकाच्या आत, तांड्यावरच्या बायकांच्या मागे उभ्या. रस्ताभर मी वाक्यं जुळवत आलो होतो. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं, तर "मागच्या महिन्यात कंपनीकडून जरा गैरसमज झाला..."

"कंपनीनं काई नाही केलं, भाऊ," मागून चंदाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"मी केलं," मी म्हणालो. "चंदाबाई बरोबर होत्या. त्यायनं मले दोनदा सांगाचा प्रयत्न केला, मी आयकलं नाही. पेटीत टाकलं ते मले समजलं नाही. मी त्यायले अरेतुरे करून काढलं. चूक माही होती." एवढंच बोललो. बोलताना कान तापले होते, आणि कोणीही 'जाऊ द्या भाऊ' म्हणालं नाही. रजतभाऊंनी काही बोलायला हात वर केला, पण बायकांकडे पाहून खाली घेतला.

चंदाबाई पुढे आल्या. पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "या मंग."

फाटकात टेम्पो लागलेला होता. त्यांनी एक गोणी माझ्यापुढे ओढली आणि बाजूला उभ्या राहिल्या. सोडा, म्हणाल्या. मी शेतकऱ्याचा पोरगा. वाकलो, गाठ शोधली, नखानं सैल केली, टोक ओढलं. दोरा दोन टाके निघाला आणि अडकला. जोरानं ओढला तर आणखीच आवळला. मागे सगळ्या जणी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कोणी हसत नव्हतं.

"हे टोक नाही," चंदाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या अंगानं."

मी गोणी फिरवून गाठ शोधत राहिलो, आणि त्या सगळ्या थांबून पाहत होत्या.