चौदाव्या धड्याचे डोळे

माद्रिन्या पेर्पेतुआने डोळे उघडले आणि पेद्रा मान्सा गावाला दुसऱ्या कशाकडे बघायला सवड उरली नाही.

माद्रिन्या ही गावाची जुनी सुईण. तिला जाऊन कित्येक वर्षं झाली होती. जिवंतपणी तिने कुणाला फोटो काढू दिला नाही, त्यामुळे तिचा एकुलता एक फोटो शवपेटीतला. अंगणात, उघड्या आभाळाखाली ठेवलेली पेटी, छातीवर जोडलेले हात आणि मिटलेले डोळे. हा फोटो गावच्या ख्रिस्ती देवळात उजव्या भिंतीवर टांगलेला असे. गावातलं प्रत्येक पोर ते मिटलेले डोळे बघत लहानाचं मोठं झालं होतं.

मग एक दिवस पांढऱ्या गाडीतून बेआतो सेराफीम उतरला. बेआतो म्हणजे दीक्षा न घेतलेला साधू. तपकिरी झगा, कमरेला दोर, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला विनाकारण अपराधी वाटावं. त्याने फोटो उतरवून आपल्या खोलीत नेला, दुसऱ्या दिवशी जांभळ्या कापडात झाकून पुन्हा टांगला आणि नऊ संध्याकाळी प्रार्थना चालवली. नवव्या संध्याकाळी कापड काढलं. तीच चौकट, कोपऱ्यातला तोच ओलीचा डाग, तीच पेटी. फक्त माद्रिन्या टक्क डोळे उघडून बघत होती. तीन बायका जागीच कोसळल्या. त्यातली एक बाकावर नीट जागा बघून कोसळली, पण ते लक्षात कोण घेतो.

पंधरवड्यात शेजारच्या गावांतून ट्रकच्या ट्रक भरून माणसं येऊ लागली. देवळासमोर उसाचा रस आला, टापिओकाच्या पोळ्या भाजणाऱ्या बायका आल्या, मेणबत्त्यांचे भाव चढले.

"लेकरांनो," बेआतो रोज सांगे, "माद्रिन्या झोपली नव्हती. ती तुमच्या श्रद्धेची वाट बघत होती. ज्याचं औषध तिच्या पायाशी, त्याचा आजार तिच्या नजरेत. तिने बघितलं की मिटलं. पण मागे वळून त्या औषधाच्या बाटलीकडे बघायचं नाही. तुम्ही बाटलीकडे बघितलंत की ती तुमच्याकडे बघणार नाही. आणि चौकटीला हात लावू नका, हात वाळून जाईल."

फोटोखाली गोळ्या, सिरपं, इंजेक्शनं यांचा ढीग लागला. त्यात एक इन्सुलिनची बाटली होती, आणि ती नाइल्देची होती.

नाइल्दे ही झेनिल्दाची धाकटी बहीण. झेनिल्दाने कापड निघालं त्याच संध्याकाळी, माणसं गुडघ्यांवर असताना, स्पष्ट सांगून टाकलं होतं, "हे संगणकावर केलेलं काम आहे."

तिला कळणारच. गावातलं फोटोचं दुकान तिचं. तिचा नवरा ओतासिलियो जुन्या पद्धतीने, ब्रशने फोटो रंगवायचा. या भागात माणूस गेला की घरचे त्याचा असेल तो फोटो घेऊन यायचे आणि ओतासिलियो त्याला कोट घालायचा, टाय बांधायचा, शवपेटीतला फोटो असेल तर डोळेही उघडून द्यायचा. जन्मभर अनवाणी फिरलेली माणसं भिंतीवर मात्र गव्हर्नरसारखी दिसत. ओतासिलियो गेला तेव्हा रंग आणि ब्रश मागे राहिले, पण हात नव्हता. मग झेनिल्दाने हप्त्यावर संगणक आणला आणि त्याच्याबरोबर एक जाडजूड पुस्तक. फोटो दुरुस्त करायला शिका, घरबसल्या, तीस धड्यांत.

पुस्तक कुठल्यातरी थंड देशात लिहिलेलं आणि घाईघाईत भाषांतर केलेलं होतं. उदाहरणातली माणसं बर्फात हसत उभी. एक पूर्ण धडा कुत्र्याचे केस मागच्या बर्फापासून कसे सोडवून घ्यावेत यावर होता. खरी अडचण आली की पुस्तक म्हणे, 'आता आवडीप्रमाणे जुळवून घ्या', आणि प्रत्येक धडा 'अभिनंदन' म्हणून संपे. झेनिल्दा चष्मा लावून, एक बोट ओळीवर आणि एक बोट बटणावर ठेवून शिकत गेली. रडली, पुस्तक आपटलं, पुन्हा उचललं. चौदावा धडा होता लग्नाच्या फोटोत पापणी मिटलेल्या पाहुणीचा. पुस्तकासोबतच्या डिस्कवर एक तपकिरी डोळा दिलेला होता. तो चिकटवा, मग तोच आरशातल्यासारखा उलटा करून दुसऱ्या बाजूला चिकटवा, अभिनंदन. लिहिणाऱ्याच्या डोक्यात लग्न होतं. पेद्रा मान्सात त्या धड्याने निम्म्या गावाचे मेलेले जागे केले.

पहिला जागा झाला तो ओतासिलियोच. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्याचा स्वतःचा फोटो नसतो. त्याचाही एकच होता, पेटीतला. तो आता दुकानात गल्ल्यामागे टांगलेला होता. झेनिल्दाला त्याची नजर कायम थोडी चुकल्यासारखी वाटे, पण नेमकं काय चुकलंय ते सापडत नसे. धडा तर तिने अक्षर न अक्षर पाळला होता.

"संगणकावर केलंय म्हणजे कुणी केलंय?" त्या संध्याकाळी न्हावी जुवेनालने विचारलं होतं. "तूच ना? गावात दुसरं कोण करतं?"

"मी केलं असतं तर सांगितलं असतं."

"मग सिद्ध कर."

सिद्ध करायला तिच्याकडे काही नव्हतं. सगळ्यात जास्त लागलं ते नाइल्देचं बोलणं. "ताई, तू मेलेल्यांचे डोळे उघडायचे पैसे घेतेस," ती म्हणाली. "तेच देवाने फुकट केलं म्हणून तुला झोंबतंय." आणि सगळ्यांच्या देखत तिने पिशवीतून इन्सुलिन काढून फोटोखाली ठेवलं.

पुढचे दिवस झेनिल्दा वेड्यासारखी भांडली. आरोग्य केंद्रातली नर्स दोनदा येऊन गेली, पण नाइल्देने तोंड फिरवलं. तिच्या टाचेवर आधीपासून एक जखम होती, ती काळी पडायला लागली. तहान थांबेना, माठ रिकामा होत गेला. तरी ती म्हणे, "माद्रिन्या बघतेय माझ्याकडे. मला जाणवतं."

त्या दुपारी नाइल्दे खिडकीशी खाटेवर पडली होती. अंग तापलेलं, ओठ सुकलेले. झेनिल्दा तिला चमच्याने पाणी पाजत होती.

"ताई, रागावलीस? बघ तरी माझ्याकडे."

झेनिल्दाने बघितलं. बहिणीच्या डोळ्यांत खिडकी दिसत होती, दोन गजांसकट, शिंतोड्याएवढी. उजव्या डोळ्यात खिडकीकडच्या बाजूला आणि डाव्या डोळ्यातही खिडकीकडच्याच बाजूला. खोलीला खिडकी एक, तेव्हा दोन्ही डोळ्यांत ती एकाच अंगाला असणार, यात नवल कसलं. तरी झेनिल्दा कितीतरी वेळ बघत राहिली. मग चमचा टाकून ती दुकानाकडे धावली.

ओतासिलियोच्या उजव्या डोळ्यात चमक उजव्या कडेला होती आणि डाव्या डोळ्यात डाव्या कडेला. तोच डोळा उलटा करून चिकटवला की त्यातली खिडकीही उलटी होते, हे पुस्तकाने सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं नवऱ्याची नजर का चुकते ते तिला आज कळलं. तिला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि ती तशीच त्याला खिळ्यावरून उतरवून बगलेत मारून निघाली.

देऊळ भरलेलं होतं. तोवर नाइल्देलाही शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून आणलं होतं; आज बेआतो खास प्रार्थना करणार होता. झेनिल्दा थेट पुढे गेली आणि नवऱ्याचा फोटो माद्रिन्याच्या खाली भिंतीला टेकवून ठेवला.

"दोना झेनिल्दा," बेआतो मायेने म्हणाला, "देवाच्या घरात धंद्याची पाटी नको."

"पाटी नाही, नवरा आहे," झेनिल्दा म्हणाली. मग लोकांकडे वळली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. एकच करा. शेजारी जो असेल त्याच्या डोळ्यांत बघा. देवळाला दार एक आहे, त्याचा उजेड डोळ्यांत दिसतो. दोन्ही डोळ्यांत तो कुठल्या बाजूला आहे ते सांगा."

मग खाटकाची विधवा अल्माझिरा जुवेनालकडे वळली, कारण तिला मुळातच प्रत्येक गोष्ट तपासून घ्यायची सवय होती. हळूहळू सगळं देऊळ एकमेकांच्या डोळ्यांत बघू लागलं. वीस वर्षांत एकमेकांकडे धड न बघितलेली नवरा-बायको समोरासमोर आली आणि उगाचच लाजली.

"एकाच बाजूला," अल्माझिरा म्हणाली. "दोन्हीत दाराकडे."

"आता माद्रिन्याकडे बघा."

माना वळल्या. देवळात कुजबूज उठली. माद्रिन्याच्या एका डोळ्यात खिडकीचा उजेड उजवीकडे होता, दुसऱ्यात डावीकडे.

"शिवाय फोटो काढला अंगणात," झेनिल्दा म्हणाली. "अंगणात खिडकी कुठून आली?"

बेआतो कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने दोन्ही हात वर केले. "बघा, लेकरांनो, बाईने स्वतःच्या तोंडाने साक्ष दिली. आपल्या डोळ्यांत एकच उजेड, कारण आपण एकाच जगातले. संताच्या एका डोळ्यात या जगाचा उजेड, दुसऱ्यात त्या जगाचा. स्वर्गाची खिडकी ती. हीच संताची खूण."

देवळातून 'आहा' असा निःश्वास गेला. नाइल्देने छातीवर क्रूसाची खूण केली. क्षणभर झेनिल्दाला वाटलं, संपलं सगळं. मग तिने खाली ठेवलेला नवरा उचलला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

"मग माझा ओतासिलियोही संत," ती म्हणाली. "बघा त्याचे डोळे. एक इकडे, एक तिकडे."

जुवेनाल जवळ आला, बघितलं आणि खाकरला. "ओतासिलियो? जो डॉमिनोत सोंगट्या बाहीत लपवायचा?"

"तोच. संत ओतासिलियो."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "मग आमच्या सासऱ्याचंही बघायला हवं," एक बाई म्हणाली. "त्यांचाही फोटो दोना झेनिल्दानेच केलाय." तिचं घर समोरच होतं. ती गेली आणि सासऱ्याला घेऊन आली. मग आणखी कुणी वडील आणले, कुणी मोठी आई आणली. थोड्याच वेळात देवळाच्या भिंतीला कोट-टायमधली मेलेली माणसं रांगेने टेकलेली होती. शेळ्या चोरणारा, सावत्र पोरांना उपाशी ठेवणारी, दोन गावांत दोन संसार करणारा. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच एक तपकिरी डोळा, सुलटा आणि उलटा, आणि सगळ्यांच्या नजरेत स्वर्गाची तीच खिडकी, दोन गजांची.

"शेळीचोर संत झाला तर मीच राहिलो," जुवेनाल म्हणाला, आणि देऊळ हसून हसून हेलकावलं. हसता हसता माणसांची भीती गळून पडली. अल्माझिराने स्टुलावर चढून माद्रिन्याची चौकट खिळ्यावरून काढली.

"हात वाळेल," बेआतो ओरडला.

"वाळू दे, डावा आहे," अल्माझिरा म्हणाली आणि किल्लीने मागचे खिळे उचकटले. नव्या कागदामागे जुना पिवळा फोटो जसाच्या तसा होता. चौकट घट्ट बसावी म्हणून तो तसाच आत ठेवलेला होता. माद्रिन्याचे डोळे मिटलेले होते. ती हातोहात फिरू लागली तसे लोक तिला कपाळाला लावत गेले, कारण ही त्यांची माद्रिन्या होती.

झेनिल्दाने दुकानातून पुस्तकही मागवून घेतलं आणि चौदावा धडा उघडून दाखवला. लग्नातली पाहुणी आणि तिचा तो डोळा.

गर्दीत बेआतो सेराफीम तिच्या जवळून दाराकडे सटकत होता. तो क्षणभर थांबला आणि अगदी साध्या, घरच्या आवाजात म्हणाला, "माझ्याकडेही हेच पुस्तक आहे. ती चमक कशी सुधारायची ते कुठल्या धड्यात आहे?"

"पुस्तकात नाही," झेनिल्दा म्हणाली. "जिवंत माणसाच्या डोळ्यांत बघावं लागतं."

त्याने मान हलवली, पटल्यासारखी. गाडी गावाबाहेर पडायच्या आत पोलिसांना फोन गेला होता.

फोटोखालचं इन्सुलिन इतके दिवस मेणबत्त्यांच्या उष्णतेत राहून वाया गेलं होतं. नर्सने केंद्रातून नवीन आणलं आणि जखम बघून सांगितलं, आधी हे घ्या, मग लगेच मोठ्या दवाखान्यात. टाच कदाचित वाचेल. आणखी एक आठवडा गेला असता तर पायाचीही खात्री नव्हती.

सुई भरलेली बघून नाइल्दे म्हणाली, "माद्रिन्याला काय वाटेल ग, ताई?"

"माद्रिन्या सुईण होती," झेनिल्दा म्हणाली. "आपल्या दोघींच्या जन्माच्या वेळी आजीने विचारलं होतं, प्रार्थना करू का. माद्रिन्या म्हणाली, कर, पण आधी पाणी उकळ आणि कात्री आण. आईनेच सांगितलंय तुला, दहादा."

नाइल्देने बाही वर केली.

फोटोतल्या डोळ्यांना काही दिसत नाही, ते कितीही उघडे असोत. दिसतं ते आपल्याला, आणि बघायला पैसे पडत नाहीत, दीक्षा लागत नाही. कुणी चमत्कार समोर आणला तर नमस्कार करायला वेळ आहे. आधी उजेड कुठून येतोय तेवढं बघावं.

झेनिल्दाने ओतासिलियोची चमक दुरुस्त केली नाही. तो परत गल्ल्यामागे टांगला आहे, एक नजर इकडे आणि एक तिकडे. गिऱ्हाईक हसलं की ती सांगते, संत आहे तो, उधारी मागू नका. आणि मग गिऱ्हाइकाच्या घरी कुणाला मधुमेह असेल तर तो औषध वेळेवर घेतो का, ते विचारते.