दुसरं बोलावणं

जिन्यावरून आंबिलीचा माठ खाली येत होता. "सावकाश, सावकाश," असं ओरडत वरच्या मजल्यावरचे महालिंगप्पा पुढे, आणि माठ डोक्यावर घेतलेला गडी मागे. राजपाल खालच्या खोलीत दार अर्धं उघडं ठेवून खुर्चीवर बसला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, केसांना तेल. सताड उघडं दार म्हणजे हावरटपणा आणि बंद दार म्हणजे आखडूपणा, म्हणून अर्धं. हाक आली की लगेच "आलो" म्हणता यावं, एवढ्यासाठी तो सकाळपासून तयार होऊन बसला होता.

माठामागून भाकरीच्या दुरड्या गेल्या, डाळी-भाज्यांच्या पातळ भज्जीचं भलंमोठं पातेलं गेलं, सतरंज्या गेल्या. सगळ्यात शेवटी महालिंगप्पांची बायको प्रेमाबाई उतरली. ती राजपालच्या दाराशी जराशी थबकली आणि टेम्पोजवळ उभ्या असलेल्या नवऱ्याला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. त्यांनीही कन्नडमध्येच उत्तर दिलं. राजपालला त्यातलं अक्षर कळलं नाही. आपण होऊन उठावं की बसून राहावं, याचा विचार तो करत होता तेवढ्यात टेम्पो सुरू झाला. पहिला गिअर करकरला. 'क्लच पुरता दाबला न्हाय गड्यानं,' एवढंच सवयीने त्याच्या मनात आलं. टेम्पो कोपऱ्यावरून वळला आणि गल्लीत चिटपाखरू उरलं नाही.

त्याने बूट काढले आणि कॉटखाली ढकलले.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. उमरग्याकडे या दिवशी गावात कुणी भेटत नाही. सगळी माणसं शेतात. कडब्याची खोपटासारखी कोप उभारायची, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजायचे, आणि मग उन्हं कलेपर्यंत येईल त्याला जेवू घालायचं. आदल्या दिवशी जिन्यात शेंगा सोलत बसलेली प्रेमाबाई राजपालला म्हणाली होती, "उद्या येळवस हाय. शेताला या बरं का. गुंजोटीच्या रस्त्याला, टाकीच्या पुढं." एवढं बोलून ती पुन्हा शेंगांकडे वळली होती.

आता यात खरं किती आणि बोलायचं म्हणून किती, हे राजपालने कसं ओळखावं? त्याचं आयुष्य रस्त्यावर गेलेलं. परंडा ते कुर्डुवाडी त्याची काळीपिवळी जीप होती. वाटेतला प्रत्येक माणूस त्याला "या चहाला" म्हणायचा, तोही चालत्या गाडीकडे बघून. त्या प्रत्येकाकडे खरंच उतरला असता तर जीप कुर्डुवाडीला दुसऱ्या दिवशी पोचली असती. त्याच्या हिशेबी पहिलं बोलावणं हे रामराम म्हणावं तसं असतं. निघताना जे येतं ते खरं. ते आलं नाही.

त्याची बायको पौर्णिमा परंड्यात एका खासगी दवाखान्यात कितीतरी वर्षं राबत होती. चाळिशीला टेकल्यावर तिला उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. ऑर्डर आली त्या दिवशी राजपालने जीपमधल्या प्रत्येक प्रवाशाला पेढा दिला. लेक श्रावस्ती लातूरला वसतिगृहात राहून शिकत होती. मग परंड्याला एकट्याने राहून काय करायचं, म्हणून जीप चुलतभाऊ नागसेनला देऊन टाकली आणि हा बायकोच्या मागून उमरग्याला आला. गावातल्या चार टवाळांनी थट्टा केली. "राजपाल नांदायला निघाला," म्हणाले. तोही हसला. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

इथे आल्यावर मात्र हसू आटलं. परंड्याच्या स्टँडवर त्याला दहा पावलंही कुणी सरळ चालू देत नसे. इथे हायवेवरून दिवसरात्र ट्रक धावायचे, हैदराबादकडचे हैदराबादकडे आणि सोलापूरकडचे सोलापूरकडे, आणि राजपाल टपरीवर एक चहा घेऊन त्यांच्याकडे बघत बसायचा. दोन-तीन ठिकाणी ड्रायव्हर म्हणून विचारून आला. "कळवतो" म्हणाले. गल्लीत त्याला नावच नव्हतं. तो होता 'शिस्टरचे मालक'. दूधवाला म्हणायचा, "बसून काय करलालाव, शिस्टरचे मालक?" आपल्याच जिल्ह्यात माणूस इतका परका होऊ शकतो हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने मानलं नसतं. कधीकधी दुपारी तो उगीचच पौर्णिमाला फोन लावायचा आणि तिने उचलायच्या आत ठेवून द्यायचा.

गेल्या आठवड्यात नागसेनचा फोन आला. "दादा, जीपला ड्रायव्हर टिकना. तूच ये की. तुझीच गाडी हाय. आईतवारी बायकोकडं जात जा." तेव्हापासून राजपालच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पौर्णिमाला सांगायचं धाडस तेवढं होत नव्हतं. येळवस होऊ दे, मग सांगू, असं त्याने ठरवलं होतं. खरं म्हणजे मनात कुठेतरी होतं की आज शेतात चार माणसांत बसलो, कुणी नावाने हाक मारली, तर कदाचित सांगावंच लागणार नाही.

आपण होऊन गेला असता तर काय बिघडलं असतं? बिघडलं नसतं. पण राजपालचे वडील आबाराव मूळचे तामलवाडीचे. त्यांच्या लहानपणी येळवशीला त्यांची आई त्यांना जर्मनचं भगुणं देऊन पाठवायची. शेताच्या आत जायचं नाही. बांधावर उभं राहायचं. आतली माणसं जेवून उठली की कुणीतरी येऊन वरून भज्जी ओतायचं, हात लागणार नाही अशी. पुढे छप्पन्न साल आलं, घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि आबारावांनी त्या वर्षीपासून भगुणं हातात धरलं नाही. धरायला सांगणाऱ्या आईशी अकरा वर्षांचं पोर भांडलं म्हणे. तेच पुढे मुलाला शिकवलं, "बोलावल्याबिगर कुणाच्या शेतात पाय टाकायचा न्हाय. मग पोट पाठीला लागलं तरी चालंल." आबाराव जाऊन बरीच वर्षं झाली, पण राजपालचा पाय अजून त्यांच्याच सांगण्याने उचलत होता.

त्याने पिठलं-भाकरी केली, डबा भरला आणि मोटारसायकल काढली. सगळी शटरं खाली. रोज जिथे चहा घ्यायचा ती टपरीसुद्धा बंद. दवाखान्यात तर गंमतच. चालता-फिरता येणारे पेशंटही डॉक्टरला विचारून शेतात गेले होते. वॉर्डात एक म्हातारी, तिला लावलेलं सलाईन, आणि शेजारी पौर्णिमा.

"अहो, तुमी हितं कसं? शेतात न्हाय गेला?"

"कुणी बोलावलं न्हाय."

"काल प्रेमाबाई म्हणल्या म्हणून तुमीच सांगितलं की मला."

"ते म्हणायचं म्हणून. आज माझ्या डोळ्यांदेखत गेले. एक शब्द न्हाय." राजपालने डबा टेबलावर ठेवला. आणि मग, कसं कोण जाणे, जे रात्री निवांत सांगायचं होतं ते तिथेच बाहेर पडलं. "पौर्णिमा, नागसेन बोलावतोय. जीपवर. मी जातो परंड्याला."

सलाईनची नळी नीट करणारा तिचा हात थांबला नाही.

"कधीपास्नं चाललंय मनात?"

"झाले थोडे दिवस."

"जावा," ती म्हणाली. "मी अडवणार न्हाय. तुमी माझ्यासाठी आलाव, मी तुमाला कशाच्या जोरावर अडवू? पण एक सांगते. हितं मला तरी कोण हाय? वॉर्डात माणूस दगावतं, नातेवाईक माझ्यावर ओरडतेत, मी गप ऐकून घेते. रस्त्यानं घरी येताना मला आपल्या खोलीचं दार उघडं दिसतं. त्या दारावर मी दिवस काढते. कुलूप काढून आत जायचं झालं तर ही नोकरी मला जड जाईल. बास."

राजपालने डब्याचं झाकण काढलं. म्हणाला, "डबा खाऊन घे, पिठलं गार होतंय."

तेवढ्यात वॉर्डातली आया उमाबाई झाडू घेऊन आत आली. तिने अर्धंमुर्धं ऐकलंच होतं. ऐकलं नसतं तर ती उमाबाई कसली? "दादा, तुमी महालिंगप्पाच्या शेताला न्हाय गेलाव? कशापाई?"

"सकाळी निघताना बोलावलंच न्हाय त्यांनी."

उमाबाईने झाडू भिंतीला टेकवला. "अगं आई! आवो, येळवशीला दुसऱ्यांदा कोण बोलावतंय? परकं असंल त्याला बोलावतेत. जावयाला, सोयऱ्याला. एकदा 'या' म्हणलं की झालं. घरच्या माणसाला काय वाजंत्री लावून न्यायचं व्हय? ती बाई बसली असंल वाट बघत." आणि म्हातारीकडे वळून म्हणाली, "ऐकलं का आजी, हे दादा दुसऱ्या बोलावण्यासाठी घरी बसले!" म्हातारी सलाईनसकट हसली.

पौर्णिमाही हसली असती एरवी. ती एवढंच म्हणाली, "जावा. परंड्याला जायचं ते नंतर बघू. आधी हितं जावा."

गुंजोटीच्या रस्त्याला ज्वारी छातीएवढी उभी होती. शेताशेतांत कोपी, झाडांना झोके, माणसांचे घोळके. एका बांधावरून कुणीतरी हात वर केला, "ओ पाव्हणं, या जेवाया!" राजपालने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. पुढच्या शेतातून बायकांनी हाक मारली, त्याच्या पुढच्या शेतातून एका म्हाताऱ्याने. कुणी नाव विचारत नव्हतं, गाव विचारत नव्हतं. "पुढं जायचंय, पुढं जायचंय," असं म्हणत तो निघाला होता. एवढे दिवस या गावात आपल्याला कुणी बोलावत नाही म्हणून तो कुढत होता, आणि आज रस्ताभर त्यालाच नकार देत जावं लागत होतं. आबारावांना यातली एक जरी हाक आली असती तर!

टाकीच्या पुढे महालिंगप्पांचं शेत लागलं. मोटारसायकल रस्त्याला लावून तो बांधापाशी आला आणि तिथेच उभा राहिला. उशीर झाला होता. पंगती उठल्या होत्या, खरकटी पानं गुरांपुढे टाकून झाली होती. गडी पातेली टेम्पोत चढवत होता. पाहुणे परतले होते, घरचीच पाचसहा माणसं उरली होती.

प्रेमाबाईने त्याला पाहिलं आणि हातातली परात तशीच धरून म्हणाली, "आता आलाव व्हय?"

"उशीर झाला. येतो मी मग," राजपाल म्हणाला.

"येतो म्हणं! आत या आधी." ती बांधापर्यंत आली. तिचा आवाज रागाचा होता, पण डोळे रागाचे नव्हते. "सकाळी दाराशी थांबले मी. यांना म्हणलं, शिस्टरचे मालक उठंनात. हे म्हणले, बूट घालून बसलेत, त्यांना दुसरीकडं जायचं असंल, नको बळजबरी. दुपारपत्तर तुमचं पान मांडून ठेवलं. मग मला वाटलं, आमच्यात जेवायला तुमाला जमत न्हाय का काय."

हा प्रश्न असा उलटा होऊन आपल्याला कधी विचारला जाईल असं राजपालला स्वप्नातही वाटलं नव्हतं. सांगायचं तर केवढं सांगावं लागलं असतं. "तसं न्हाय ओ काकू," तो म्हणाला. "मला हिथली रीत ठाऊक नव्हती."

"बर्री, बर्री," महालिंगप्पा कोपीतून म्हणाले. या, असा त्याचा अर्थ असणार हे त्यांच्या हातावरून कळत होतं. "नाव काय तुमचं? येवढे दिवस झाले, इचारलंच न्हाय बगा."

"राजपाल."

"बसा, राजपालराव."

त्याने बांध ओलांडला. गड्याने टेम्पोतलं पातेलं पुन्हा उतरवलं. गुंडाळलेली सतरंजी पुन्हा अंथरली. प्रेमाबाईने पळसाचं पान मांडलं, भाकरी ठेवली, भज्जी वाढली, वाटीत आंबील ओतली. भज्जी गार झाली होती. सगळी मंडळी आजूबाजूला उभी राहून त्याच्याकडे बघत होती, मध्येच आपसात कन्नडमध्ये काही बोलत होती, हसत होती. कशाला हसताहेत हे त्याला कळत नव्हतं. आपल्याला नसेल हसत, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि दुसरा घास घेतला. एकट्याने जेवायची त्याला सवय झाली होती, पण एवढ्या माणसांत एकट्याने जेवणं वेगळं.

प्रेमाबाईने दुसरी भाकरी वाढली. मग पातेल्यात डोकावून म्हणाली, "लई उरलीय. शिस्टरला डब्यात बांधून देऊ का?"

राजपालच्या डोळ्यांपुढे ते जर्मनचं भगुणं आलं. बाईच्या मनात काही नव्हतं, माया होती, हे त्याला दिसत होतं. तरीही त्याने मान हलवली.

"नको काकू. ती पुढच्या वर्षी येईल. हितं बसून जेवंल."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच उमगलं की आपण काय बोललो. पुढच्या वर्षी. नागसेनला आता काहीतरी सांगावं लागणार होतं. ती जीप, तो कुर्डुवाडीचा रस्ता आणि त्या रस्त्यावरची सगळी माणसं आता नागसेनचीच.

"बरं," प्रेमाबाई म्हणाली आणि तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

उन्हं कलली होती. टेम्पो भरून उभा होता, गडी चाकाला टेकून बसला होता. राजपाल खाली मान घालून हळूहळू जेवत राहिला, आणि सगळे त्याचं जेवण व्हायची वाट बघत थांबले. कुणीही त्याला घाई केली नाही.