खोली तीनशे सातची अट

"आता सांगतो ते तुम्हाला खोटंच वाटणार," कादिर मुकादमने वहाबच्या टेबलावर मूठ आपटली. "वाटू दे. खोली नंबर तीनशे सात, खाटा चार, आणि झोपली एकशे अकरा माणसं. एकाचं घोरणं दुसऱ्याच्या नाकातून येत होतं."

साल दोन हजार सहा. मदिनेतल्या एका हॉटेलासाठी खोल्या वाटणारा प्रोग्रॅम कादिरने जेद्द्याला, अल अझीझियातल्या ऑफिसात बसून लिहिला होता. वहाब त्याच्याच दापोलीकडचा, कफीलचा, म्हणजे त्यांना व्हिसावर आणणाऱ्या अरबी मालकाचा, सगळा कारभार बघणारा. आज असरच्या नमाजाच्या आत त्याला कफीलला या गोंधळातल्या दोषीचं एक नाव कळवायचं होतं. ज्याचं नाव, त्याचा इकामा, तिथं राहायचा परवाना, खलास.

प्रोग्रॅममध्ये कादिरने जागोजागी अटी पेरल्या होत्या. खाटा चार तर माणसं चारच. पाचवं आलं की जागीच थांब आणि बोंब मार. असर्शन म्हणतात त्याला.

"राखणदार बसवला होता मी. भुंकला म्हणून कुणी त्याचं तोंड बांधतं? हॉटेलच्या काउंटरवरच्या इब्राहीमने बांधलं. गेल्या सोमवारी मी तिथंच होतो. दर दहा मिनिटांनी प्रोग्रॅम थांबतोय, रांग हसतेय, माझ्याकडे बोटं दाखवतेय."

"बांधलं कसं?"

"प्रोग्रॅम सुरू करायच्या ओळीत इ आणि ए ही दोन इंग्रजी अक्षरं असली तरच अटी तपासल्या जातात. त्या गाढवाने नेमकी तेवढीच उडवली. मग कॉम्प्युटर म्हणतोय, तीनशे सात रिकामी. माणसं घुसतायत. भिंती फुगल्या, वहाबभाई. खालच्या मजल्यावरचा पंखा लोकांच्या टाळूला घासायला लागला. कपाटात नऊ जण उभ्याने झोपले."

"हा इब्राहीम आधी काय करायचा?"

"खमीस मुशैतला भट्टीवर रोट्या भाजायचा. अशाला काउंटरवर बसवतात. बटणांवर रंगीत टिकल्या चिकटवून दिल्यात त्याला, हिरवी दाब, लाल दाब. इंग्रजीतला ए समोर ठेवला तर शिडी म्हणून चढेल."

वहाबने पेनाचं टोपण लावलं.

"एकशे अकरा माणसं मी गिळली, कादिर. भिंतीही फुगू दिल्या. पण ज्याला ए ओळखता येत नाही, त्याने अख्ख्या ओळीतून नेमकी ती दोन अक्षरं काढली, हे खोटं. रांगेचं हसू थांबवायला ती तू काढलीस."