दोन्ही हातांनी दाबलेली पिशवी

आमच्या खायेलित्शा वस्तीत भोसकलेल्या माणसाला सलाईन लावलं नाही, तर लोक आमच्या अँब्युलन्सवर दगड मारतात. नोलुंडी मावशीने तर माझी कॉलरच धरली. तिच्या धाकट्याच्या, म्झोलीच्या पोटात सुरा घुसला होता.

“थोरल्याला, लुबाबालोला, दोन पिशव्या दिल्यास! याला थेंबही नाही? तुझ्या बापाचं काय जातं रे?”

“मावशी, तो बोलतोय, नाडी लागतेय. आधी ऑपरेशन करून रक्त थांबवायचं. त्याआधी सलाईन ओतलं, तर दाब वाढतो आणि रक्ताची धरलेली गुठळी सुटते. आता नियमच तसा आहे. गप्प बस!”

म्झोली वाचला.

आठव्या दिवशी मावशी वॉर्डाबाहेर भेटली. मका-घेवड्याचा गरम डबा तिने माझ्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिली.

“गुठळी सुटते म्हणालास.”

“हो.”

“लुबाबालोच्या वेळी तूच ओरडत होतास, ‘पिशवी दाब मावशी, जोरात दाब!’ मी दोन्ही हातांनी दाबली. त्याने डोळे उघडले, हसलासुद्धा. आणि मग पांढरा पडला.”

चार वर्षांपूर्वी आम्हाला तेच शिकवलं होतं. कुणाच्या नावाने बोटं मोडू?

“त्याचा वार वेगळा होता,” मी म्हणालो. “तो जगणारच नव्हता.”

वार तसाच होता. जागाही तीच.

“खरं सांगतोस ना?”

“आईची शपथ.”

तिने मान हलवली आणि दोन्ही हात शालीखाली लपवले.