ज्वाळा कोणी विझवली?

"विझली रे विझली! पास्टरांनी विझवली!"

संध्याकाळी खाडीकाठी अख्खं गाव नाचत होतं. खनिज तेल काढणाऱ्या स्टेशनाची ती चिमणी आजोबांच्या काळापासून भडकत होती. बायका तिच्या धगीवर साबुदाण्यासारखा टॅपिओका वाळवायच्या. पांढऱ्या झग्यातल्या पास्टर पेरेकेमेंनी हात उगारला आणि ज्वाळा सगळ्यांदेखत आक्रसत गडप झाली. सगळ्यांत मोठ्याने 'हालेलूया' ओरडत होता एबिकेमे. आता हा शहाणा त्याच स्टेशनात कॉम्प्रेसर चालवायचा, ही गोष्ट वेगळी!

"सैताना, गिळ तुझी जीभ!" पास्टर माइकवर गरजले. "आता लेकरांच्या छातीतली आगही विझवतो! औषध म्हणजे अविश्वास! फेका खाडीत!"

एबिकेमेच्या तिमिएबीला दमा होता. पोरगी आईच्या कडेवर धापा टाकत होती. त्याने खिशातून तिचा फवाऱ्याचा पंप काढला आणि तो फेकायला हात उचलला. बायकोने, एबिएरेने, मनगट धरलं.

"थांबा हो! काल दिवसभर कशाचे बोल्ट आवळत होतात?"

"तो साहेबांचा नवा पाइप गं. ना मोटर, ना पंखा. आज संध्याकाळी चाचणी आहे म्हणे. तो काय कप्पाळ ओढणार!"

"काय ओढायचं होतं त्याने?"

"चिमणीत वाया जाणारा गॅस..." एबिकेमेचा आ तसाच राहिला.

"आणि चाचणीची वेळ पास्टरांना कोणी सांगितली?"

"मीच. न्हाव्याकडे ते शेजारीच बसले होते. पाइपाची टिंगल करताना."

"धन्य आहे तुमची!" एबिएरे तडक मंचावर गेली. "पास्टर, माझा टॅपिओका ओला राहिलाय. जरा पेटवून द्या."

"देवाने विझवलेलं पुन्हा पेटत नाही, बाई!"

एबिकेमेने स्टेशनात फोन लावून चाचणीचं विचारलं. चाचणी झाली, आत्ताच थांबवतोय, असं उत्तर आलं. थोड्याच वेळात भसकन ज्वाळा उसळली. पास्टरांनी हात उगारला, किंचाळले, झगा झटकला. ज्वाळा ढिम्म.

एबिकेमेने माइक घेतला. "बोट जोरात गेली की कडेची जलपर्णी मागे ओढली जाते ना? साहेब सांगत होते ते तसंच आहे. त्या नव्या पाइपात कॉम्प्रेसरमधला दाबाचा गॅस बारीक तोंडातून सुसाट सोडायचा. तो चिमणीकडचा मंद गॅस सोबत ओढतो आणि दोघं कॉम्प्रेसरमध्ये जातात. चिमणीला जाळायला उरतंच काय?"

"मग मेल्या, तू का नाचत होतास?" एका म्हातारीने विचारलं.

"मी गाढव म्हणून, आजी!"

लोक पोट धरून हसले. तेवढ्यात पास्टर बोटीत बसून पसार झाले. एबिकेमेने तिमिएबीच्या तोंडाला पंप लावला. हळूहळू पोरीचा श्वास पूर्ववत झाला. आपण काय करायला निघालो होतो, या विचाराने त्याला रडूच कोसळलं.

तर मंडळी, हातातलं औषध फेकण्याआधी एवढंच विचारा: हे झालं कसं? चारचौघांत विचारायची लाज वाटत असेल, तर एबिकेमेला आठवा. त्याला नाचायची वाटली नव्हती.