सातशे वॅटचा डबा

माझं दुकान मोटर वाइंडिंगचं. जळलेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसायची, नवी तांब्याची तार भरायची, वॉर्निश लावून वाळवायची. तीस वर्षं हेच चाललंय. भिंतीवर मी माझ्या हाताने लिहून ठेवलंय, ‘आधी पाटी वाचा, मग पाना उचला.’ प्रत्येक मोटरीवर कारखान्याने ठोकलेली पत्र्याची पाटी असते. किती व्होल्ट, किती अँपिअर, सगळं त्यावर असतं. गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायचं आणि पाटीचं मानायचं. हा नियम मोडणाऱ्यांना मी चारचौघांत झापलेलं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी कशी जिरली ते तुम्हाला पुरतं कळेल.

माझी सून अजून न बांधलेल्या इमारतींची हलती चित्रं कंप्युटरवर करते. कागदावरच्या नकाशातून ती तुम्हाला जिन्यावरून फिरवून आणते. एका मोठ्या कचेरीने तिला नोकरीसाठी चाचणी दिली होती. लहान मुलांच्या इस्पितळाचं दोन मिनिटांचं चित्र, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पोहोचवायचं. तीन आठवडे ती त्यावर बसली होती. जुन्या ग्राफिक्स कार्डावर शेवटचं काम आटपायला आठ दिवस लागले असते, म्हणून तिने नवं दणकट कार्ड आणलं. आणि नवं कार्ड लावल्यापासून एकच खेळ. चित्र पक्कं करायचं बटण दाबलं की पंखे घोंघावायचे, टक् असा आवाज व्हायचा आणि कंप्युटर ठप्प.

मला कोण आनंद! विजेचं दुखणं आणि तेही घरातच. एका एक्स्टेन्शनची वायर सोलून मी त्यातली एक तार वेगळी काढली, तिला करंट मोजणाऱ्या टाँग टेस्टरचा चिमटा लावला आणि आकडा बघत बसले. साधं काम चालू असताना हिशेबाने जेमतेम दीडशे वॅट. मग बेरीज केली. कार्डाला दोनशेवीस, प्रोसेसरला नव्वद, बाकीच्या चिल्लर मंडळींना पन्नास. झाले तीनशेसाठ. आणि आतला पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन सगळ्यांना वाटून देणारा तो पत्र्याचा डबा, सातशेचा. दोन वर्षांपूर्वी मीच आणला होता. खोक्यावर हा एवढा मोठा ‘७००’ छापलेला. तिच्या कामाला माझ्याकडून भेट.

“पुरून उरेल,” मी म्हणाले. “माझ्या डब्याला काही धाड भरलेली नाही. तुझं कार्डच सदोष.”

“असेल, आई,” ती म्हणाली.

हे मी दोन दिवस येता-जाता म्हणत होते. मुलालाही फोनवर ऐकवलं. शेवटी गुरुवारी सकाळी तिने कार्ड काढून खोक्यात भरलं. दुकानदार परत घ्यायचा तो शेवटचा दिवस होता. कार्ड गेलं की चित्र वेळेत होणार नाही, आणि चित्र झालं नाही की नोकरी नाही. तिने रडारड केली नाही. केस बांधले आणि अंघोळीला गेली.

मी तिच्या खुर्चीत बसले. डोक्यात एकच किडा वळवळत होता. बंद पडतो तो सुरुवातीलाच का? तापून बंद पडला असता तर दहा मिनिटं तरी चालला असता. हा तर उठतानाच बसतो. आणि उठतानाचं दुखणं मला कुणी शिकवायला नको. मोटर सुरू होताना पाचपट, सहापट करंट ओढते, घरातले दिवे क्षणभर मान टाकतात, मग ती शांत होते. माझ्या टेस्टरला एवढा झटका दिसतच नाही, तो सावकाश सरासरी सांगतो. कार्डही तसंच हिसके देत असेल तर? पण दिले तरी काय, सातशेच्या डब्याने ते सोसायला हवेत.

सातशे कुठे लिहिलंय? खोक्यावर. आणि पाटीवर?

पाटी मी कधी वाचलीच नव्हती. ती डब्याच्या आतल्या अंगाला होती, कॅबिनेटच्या पत्र्याकडे तोंड करून. चार स्क्रू काढले, डबा बाहेर ओढला. हातावर तोलून बघितला. रिकाम्या डब्यासारखा हलका! आत पुरेसं तांबं असतं तर असा हलका लागला नसता. पाटीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, बारा व्होल्टला चोवीस अँपिअर. बारा चोक अठ्ठेचाळीस, हातचे चार... दोनशेअठ्ठ्याऐंशी वॅट. डब्यातून वेगवेगळ्या व्होल्टच्या तारा निघतात, पण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही बारा व्होल्टच्याच पंगतीला बसणारे. त्यांचेच झाले तीनशेदहा, हिसके वेगळेच. बाकीचे वॅट ज्या तारांना कुणी विचारत नाही त्यांच्या नावावर दाखवून सातशेचा फुगा फुगवला होता.

बाथरूममधला नळ बंद झाला. खोटं कशाला बोलू, एक विचार येऊन गेला. डबा परत बसवायला दोन मिनिटं लागतात. कार्ड एकदा परत गेलं की माझी पाटी कोण वाचणार आहे? त्या विचाराची मला अजून लाज वाटते.

ती बाहेर आली तेव्हा डबा माझ्या मांडीवर होता.

“कार्ड चांगलं आहे,” मी म्हणाले. “डबा लबाड आहे. आणि मी मूर्ख.”

आम्ही दोघी कंप्युटरच्या दुकानात गेलो, कार्ड परत करायला नव्हे. दुकानदार खोकी दाखवत होता, मी म्हणाले, “खोकं ठेवा बाजूला, डबा काढा.” एकेक डबा हातात तोलला, आडवा केला, पाटी वाचली. “काकू, कलिंगड घेताय का?” तो म्हणाला. तिसऱ्याच्या पाटीवर होतं, बारा व्होल्टला चोपन्न अँपिअर. जवळजवळ साडेसहाशे, सगळेच्या सगळे कामाचे.

“आई, हा तर साडेसहाशेचाच,” सून म्हणाली. “आपला सातशेचा होता.”

“त्या सातशेचं नाव काढू नकोस,” मी म्हणाले आणि ती दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

दुपारी तिने बटण दाबलं. पंखे घोंघावले. मी टक् ची वाट बघत राहिले. टक् झालंच नाही. पडद्यावर इस्पितळाची पहिली खिडकी उजळली, मग दुसरी. शुक्रवारी अकराला चित्र रवाना झालं.

तेव्हा मी विचारलं, “तुला डब्याचा संशय आलाच नव्हता?”

“आला होता. पहिल्याच दिवशी.”

“मग बोलली का नाहीस? नोकरी गेली असती ना!”

“तुम्ही आणलेला होता,” ती म्हणाली.

तीन आठवड्यांची मेहनत ही पोरगी मुकाट्याने सोडून द्यायला निघाली होती, मला वाईट वाटू नये म्हणून. आणि मी दोन दिवस तोंडाचा पट्टा सोडला होता.

“हे बघ,” मी म्हणाले, “यापुढे माझ्या वस्तूत खोट दिसली की त्याच दिवशी तोंडावर सांगायचं.”

तिने जरा विचार केला. “नक्की?”

“नक्की.”

“तुम्ही वाइंडिंग करून दिलेला आमच्या खोलीतला पंखा कटकट करतो, आई. सहा महिने झाले.”

मी स्टूल आणायला उठले. चढल्यावर आधी पाटी वाचली.