दहावा डोडो

ती जागा मिळाली असती तर मधुवंतीचा फायदा किती? एक, अकरा महिने मॉरिशस. दोन, भावाच्या स्वयंपाकघरातून अकरा महिने सुटका. तीन, दुर्गाघाटच्या गल्लीत भेटेल तो विचारी, "काय गं, सगळ्यांना पाठवतेस, तू कधी जाणार?", त्या सगळ्यांची तोंडं एकदाची बंद. आणि चौथा फायदा ती स्वतःशीसुद्धा हळूच बोले: मालविका जाणार नाही.

मॉरिशसमधल्या मराठी घरांतल्या मुलांना मराठी शिकवायला काशीची एक छोटी संस्था दरवर्षी एक स्वयंसेवक पाठवी. त्याची तयारी नऊ वर्षं मधुवंतीच करून घेत होती. बॅगेत काय भरायचं, परक्या घरात चौथी पोळी कशी नाकारायची, घरची आठवण आली तर नळ सोडून कसं रडायचं, सगळं. गेलेला प्रत्येक जण परत येताना तिला डोडो पक्ष्याची की-चेन आणी. कपाटाच्या कडीला नऊ डोडो लटकत होते.

पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती, म्हणून यंदा तिने स्वतःच अर्ज टाकला. समोर उरली मालविका. तिच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी, तेवीस वर्षांची, आणि मधुवंतीच्या मते लोकांना उगाच आवडणारी.

शेवटची परीक्षा म्हणजे 'पंधरा दिवसांचा परदेश'. याच गल्ल्यांत, पण परक्या घरी राहायचं. स्वतःच्या इमारतीच्या दारात पाऊल टाकलं की बाद. आई भाजीची पिशवी घेऊन समोरून गेली तरी फक्त हसायचं. नियम मधुवंतीचाच, आणि घरं वाटायचं कामही तिचंच. स्वतःला तिने संकठा घाटावरचे रत्नाकरराव घेतले. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, बायकोशीसुद्धा वर्तमानपत्राआडून बोलणारा. मालविकेला दिल्या मंगला गौरीजवळच्या आनंदीकाकू. काकूंनी आजवर तीन उमेदवार दोन-दोन दिवसांत परत धाडले होते.

"मुलगी हुशार आहे, तिला कठीण घरच द्यावं," मधुवंती समितीला म्हणाली. समितीला ते फार उदार वाटलं.

अकराव्या दिवशी ती देखरेखीच्या नावाखाली मंगला गौरीला गेली. पाहते तर काकू पायरीवर डोळे मिटून बसलेल्या आणि मालविका त्यांच्या केसांना तेल लावतेय. काकू चक्क हसत होत्या. नऊ वर्षांत त्यांनी मधुवंतीला 'बैस' म्हटलं नव्हतं.

"ताई, टेन्शन मत लो," मालविका म्हणाली, "काकू एकदम मस्त आहेत."

"मस्त काय, भवाने! नीट चोळ," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा हसल्या.

ते हसू मधुवंतीला रात्रभर टोचलं. दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला, वरच्या श्रीरामभाऊंना जरा ताप आहे, घाबरण्यासारखं काही नाही. श्रीरामभाऊ म्हणजे मालविकेचे वडील. दुपारीच मधुवंती मंगला गौरीला पोहोचली.

"बाबांना ताप आहे गं. पाच मिनिटं जाऊन ये. मी कुठे बघतेय?"

मालविकेचे डोळे भरले. "खूप आहे का, ताई?"

"आता मी काय सांगू," मधुवंती म्हणाली. घाबरण्यासारखं काही नाही, हे वाक्य तिने पोटातच ठेवलं. मग झपाझप चालत ती आपल्या इमारतीशी आली आणि दाराआडच्या अंधारात उभी राहिली. पोरगी आत आली की इथेच धरायची.

पावलं वाजली, पण त्यांच्याबरोबर काठीही वाजली. एका हातात काढ्याचा झाकलेला लोटा घेऊन आनंदीकाकू आत आल्या.

"कोण गं? मधू? ती पोर रडतेय, पण नियम म्हणून उठेना. म्हटलं बैस तू, मीच बघून येते." काकू थबकल्या. "पण तुझा परदेश तर संकठा घाटावर ना? मग तू इथे काय करतेस?"

मधुवंतीने खाली पाहिलं. दोन्ही पाय उंबऱ्याच्या आत होते.

"मी... मालविका येते का ते बघायला..."

"बघितलंस ना? मग धर हा लोटा. दोन जिने मला होत नाहीत." काकू पायरीवर टेकल्या. "घाबरू नकोस. मी कुणाला सांगायची नाही."

हेच वाईट होतं. काकू जन्मभर कुणाला सांगणार नव्हत्या, आणि गल्लीत भेटतील तेव्हा नुसतं बघणार होत्या.

मधुवंती काढा वर देऊन आली. श्रीरामभाऊ उठून चहा पीत बसले होते. संध्याकाळी तिने रोजचा फॉर्म काढला. 'स्वतःच्या इमारतीचं दार ओलांडलं का?' हा रकाना तिनेच आखलेला. त्यापुढे तिने 'हो' लिहिलं, आणि खाली सही.

मालविका मॉरिशसला निघाली त्या दिवशी मधुवंतीला काकूंचा निरोप आला. तेल कोमट करून ठेवलंय, म्हणावं.

अखेर हिशेब असा. मालविकेला अकरा महिने समुद्र मिळाला. श्रीरामभाऊंचा ताप दुसऱ्याच दिवशी उतरला. काकूंना दर रविवारी केसांना तेल लावणारं माणूस मिळालं, आणि पुढच्या वर्षी मालविकेने आणलेला डोडोही. दहावा डोडो काकूंच्या किल्ल्यांना लटकतो. तेल लावताना तो मधुवंतीच्या डोळ्यांसमोर हलत राहतो. हिशेबातली बाकी सगळी तिच्याच नावावर.